सोनचाफ्याला कलम हा पर्याय नव्हे

संपादक महोदय,

देवळांच्या प्रांगणातील जुन्या झाडांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. जीर्णोद्धारात आड येणारा सोनचाफा काढून त्या जागी कलम लावावे, ही त्यातील सूचना मुळीच पटली नाही. कलम लवकर फुलते, पण ते सहसा ठेंगणेच राहते. बियांपासून वाढलेल्या चाफ्याची उंची आणि सावली त्याला येत नाही.

सोनचाफा मॅग्नोलिया प्रजातीतला. फुलाच्या पाकळ्या गळल्या की मधे एक हिरवा दांडा उरतो आणि त्यावर बारीक स्त्रीकेसर सर्पिल रांगेत दाटीने बसलेले दिसतात. अमेरिकेतील कॅन्ससमध्ये सापडलेल्या आर्किअँथस या सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मातही हीच ठेवण आहे. म्हणजे डायनासोरांच्या काळातली रचना आपण रोज देवाला वाहतो! मुलांना हे दाखवायला संग्रहालय लागत नाही, अंगणातले झाड पुरे.

फोंडा तालुक्यातील देवस्थान समित्यांना विनंती, की पेव्हर्स घालताना चाफ्याच्या बुंध्याभोवतीची माती मोकळी सोडावी. फळे तडकून लाल बिया दिसू लागताच त्या रोपवाटिकेकडे द्याव्यात. वाळलेले बी सहसा रुजत नाही.

– एक वाचक, फोंडा