सदतीस क्रमांकाचे चौदा फोटॉन

माहीम, मुंबई

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

चंद्रा दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून केलेली एम ८१ या दीर्घिकेच्या क्ष-किरण स्रोतांची तुझी यादी वाचली. आधी 'एम ८१ मधले स्रोत' हा मथळा बदल. चौकटीत दिसला म्हणून ठिपका त्याच दीर्घिकेचा ठरत नाही. पुढे आपल्याच आकाशगंगेतले तारे असतात, मागे क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांचे तळपते गाभे. तारे गाया उपग्रहाच्या यादीत त्यांच्या सरकण्यावरून सापडतात. क्वेसार एकेक करून ओळखणं कठीण, म्हणून चंद्रा दुर्बिणीच्या खोल सर्वेक्षणांवरून तेवढ्या क्षेत्रात किती असायला हवेत ते काढ. एम ८१ च्या गाभ्याकडे त्यांचं प्रमाण कमी असतं, कडेला वाढतं.

स्रोत शोधणाऱ्या वेव्हडिटेक्ट प्रोग्रामला पीएसएफ नकाशा, म्हणजे ठिपका कुठे किती पसरतो त्याचा नकाशा, दिलास ना? मध्यावर अर्ध्या आर्कसेकंदाचा ठिपका आठ-दहा आर्कमिनिटं बाजूला गेलं की कित्येक आर्कसेकंद पसरतो आणि शेजारचे दोन स्रोत एक होतात. स्रोत खरा मानायचा उंबरठा १०⁻⁶ म्हणजे १०२४ × १०२४ पिक्सेलच्या प्रत्येक चिपमागे साधारण एक स्रोत खोटा.

आता सदतीस क्रमांक. 'मृदू, म्हणून सुपरनोव्हाचा अवशेष' असं लिहिलंयस. फोटॉन एकूण १४: मृदू (कमी ऊर्जेचे) ९, कठीण (जास्त ऊर्जेचे) ५. कठीणपणाचं गुणोत्तर (५ − ९)/१४, म्हणजे −०.२९. त्रुटी ±०.२६! एक फोटॉन इकडचा तिकडे गेला की −०.१४. एवढ्यावर कशाचंच नाव ठेवता येत नाही. वर्णपटही काय-वर्गाच्या (χ²) पद्धतीने बसवू नकोस, इतक्या थोड्या फोटॉनांना चालणारी कॅशची सांख्यिकी वापर.

शिवाय निरीक्षणं वेगवेगळ्या वर्षांची जोडली आहेस. चंद्रा दुर्बिणीच्या एसिस कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं थर साचतोय, तो १ केइव्हीखालचे (म्हणजे मृदू) फोटॉन खातो. तोच स्रोत २००० पेक्षा २०२० मध्ये कठीण दिसेल. नुसती गणती जोडू नकोस, प्रत्येक निरीक्षणाचा स्वतःचा आरएमएफ आणि एआरएफ (त्या वेळी उपकरण कसा प्रतिसाद देत होतं ते सांगणाऱ्या फायली) घे.

कुलाब्याला टीआयएफआरमध्ये घडलेली ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची एसएक्सटी ही क्ष-किरण दुर्बीण इथे स्थानासाठी उपयोगाची नाही; तिच्या दोनेक आर्कमिनिटांच्या ठिपक्यात तुझे कितीतरी स्रोत मावतील. तेजस्वी स्रोत महिनोन्‌महिने कसा बदलतो ते बघायला ती चांगली.

तेजस्वितेचा रकाना ठीक आहे: ३६ लाख पार्सेकवर १०⁻¹⁴ अर्ग प्रति सेमी² प्रति सेकंद म्हणजे सुमारे १.५ × १०³⁷ अर्ग प्रति सेकंद. पण अंतर दहा टक्के चुकलं तर हा आकडा वीस टक्के हलतो, ते तळटीपेत घाल.

सदतीस क्रमांक काढू नकोस. फक्त प्रकाराचा रकाना रिकामा ठेव.

तुझी,
आई