डिजिकॅमच्या स्वयंसेवकांना जाहीर आभारपत्र

जील कोलिए आणि सर्व सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

डिजिकॅम या तुमच्या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरवर घरातले, मंडळाचे, संस्थेचे हजारो फोटो लावून ठेवणाऱ्या आम्हा मंडळींकडून हे पत्र. आभार मुख्यतः एका गोष्टीचे: तुमच्याकडे अल्बम म्हणजे हार्ड डिस्कवरचं खरंखुरं फोल्डर. डाव्या पट्टीत नाव बदललं की डिस्कवरही बदलतं. उद्या डिजिकॅम काढून टाकलं तरी मांडणी जागच्या जागी राहते.

म्हणूनच नावं विचार करून द्यावी लागतात. ‘२०२४-११-०१ लक्ष्मीपूजन’ असं वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप क्रमानं लागतात. ‘०१-११-२०२४’ लिहिलं, तर ते ‘०१-०५-२०१९’च्या शेजारी जाऊन बसतं. आपले सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतात, त्यामुळे नुसतं ‘दिवाळी’ लिहून दोन वर्षांनी काहीच कळत नाही.

नवशिक्यांची पहिली घाबरगुंडी ठरलेली: ‘२०२४’ या वर्षाच्या फोल्डरवर क्लिक केलं आणि समोर एकही फोटो नाही! फोटो पोटातल्या फोल्डरांत असतात. व्ह्यू मेनूतलं ‘इन्क्लूड अल्बम सब-ट्री’ चालू केलं की सगळे एकत्र दिसतात.

आजीचा फोटो गणपतीच्या फोल्डरातही हवा आणि ‘आजी’ नावाच्या फोल्डरातही, म्हणून लोक कॉपी करत सुटतात. तिथं टॅगनं, म्हणजे फोटोला लावायच्या नावाच्या चिठ्ठीनं, काम होतं. फाइल एकच, ‘माणसं’खाली ‘आजी’ हा टॅग लावायचा. मात्र पहिल्यांदा सुरू करताना तुम्ही विचारता, की माहिती फाइलमध्ये लिहायची का? तिथं ‘काही करू नका’ निवडलं, तर टॅग फक्त डेटाबेसमध्ये, म्हणजे डिजिकॅमच्या स्वतःच्या नोंदवहीत, राहतात आणि फोटो दुसऱ्या संगणकावर नेले की आजी निनावी होते. नंतरही सेटिंग्जमधल्या ‘मेटाडेटा’ (फोटोसोबतची माहिती) या भागात जाऊन हे बदलता येतं. रॉ फाइलला (कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या मूळ फाइलला) हात लावायचा नसेल, तर शेजारी एक्सएमपी साइडकार, म्हणजे माहितीची वेगळी छोटी फाइल, ठेवण्याची सोय तिथंच आहे. डिजिकॅममधून हलवलं की साइडकार सोबत जाते. फाइल मॅनेजरमधून फक्त फोटो उचलला, तर ती मागेच राहते.

खरी दाद द्यायची ती बाहेरून हलवलेल्या फाइली ओळखण्याला. फाइलच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या शंभर-शंभर किलोबाइटवरून तुम्ही तिची खूण काढता, आणि पुढच्या वेळी फोल्डर तपासताना ती नव्या जागी सापडली की जुने टॅग तिला परत चिकटवता. पण हलवताना दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरनं तिच्यात कॅप्शनही लिहिलं, तर सुरुवातीचा भाग बदलतो, खूण जुळत नाही आणि तुमच्या लेखी तो नवाच फोटो ठरतो. म्हणून हलवाहलव शक्यतो डिजिकॅममध्येच करावी. डाव्या पट्टीतल्या अल्बमांच्या झाडावर फोटो ओढून सोडला की हलवायचं की कॉपी करायचं, हे विचारलं जातं. तेवढा क्षणभराचा थांबा घाईच्या हाताला फार उपयोगी पडतो.

जुन्या अल्बमांचे स्कॅन केलेले फोटो सगळे स्कॅनच्या तारखेला जमा होतात, आणि लग्नाला पन्नास वर्षं झालेलं जोडपं टाइमलाइनवर यंदाच्या मे महिन्यात बोहल्यावर उभं दिसतं. आयटम मेनूतल्या तारीख-वेळ बदलण्याच्या साधनानं अख्ख्या फोल्डरची तारीख एका दमात सुधारता येते. मग अल्बमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ओल्डेस्ट’ दाबायचं, की अल्बमलाही तीच तारीख लागते.

आभारासोबत एक लाडिक तक्रार. डिलीट केलेले फोटो तुम्ही कलेक्शनमधल्याच (सगळे अल्बम ज्यात असतात त्या मुख्य फोल्डरातल्याच) एका लपलेल्या फोल्डरात ठेवता. चुकून गेलेला फोटो परत मिळतो हे खरंच, पण शेकडो फोटो उडवूनही डिस्कवर जागा का होत नाही, हे लोकांना उमगत नाही. कलेक्शनच्या खाली दिसणारी ‘ट्रॅश’ची ओळ उघडून ती रिकामी करावी लागते. तिच्या शेजारी किती जागा अडली आहे तेवढा आकडा दाखवलात, तर आणखी एक आभारपत्र नक्की.

आपले,
रोज फोल्डर लावणारे काही जण