शकुंतलेला चिप कशाला?

स्टुटगार्ट
9 नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा चिकूच्या खेळण्यातल्या रेल्वेबद्दल फोनवर तू म्हणालास, "साधी घेतं का डिजिटल, ते एकदाचं सांग ना बे," आणि तेवढ्यात तिकडची लाइन गेली. म्हणून लिहूनच कळवतो. तसंही फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

साधी, म्हणजे ॲनालॉग, तुला समजावायची गरजच नाही. रुळांत शून्य ते बारा व्होल्ट डीसी सोडायचा. बटण फिरवलं की व्होल्टेज चढतो, गाडी पळते. दोन तारांची अदलाबदल केली की उलटी येते. अडचण अशी की हुकूम रुळाला मिळतो, इंजिनाला नाही. एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदमच निघतात. मग रुळाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला वेगळा स्विच लावा. शिवाय गाडी हळू झाली की दिवा मिणमिणतो, थांबली की विझतो.

डिजिटलमध्ये रुळांत पंधरा-एक व्होल्ट सदा भरलेले, फक्त त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटते आणि त्या पालटण्यातच निरोप असतो. प्रत्येक इंजिनात डीकोडर नावाची चिप, तिला एक नंबर. कोरी चिप बहुधा तीन नंबर घेऊनच येते. दवंडीसारखं समज. ऐकतं सगळं गाव, पण ज्याचं नाव पुकारलं तोच उठतो. उभ्या गाडीचा दिवा जळत राहतो, अन् चिप आवाजाची घेतली तर शिटीही इंजिनातूनच वाजते. इथल्या, म्हणजे जर्मनीतल्याच, लेन्झ कंपनीने ही पद्धत बसवली आणि 1990 च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तिचं मानक केलं, त्यामुळे एका कंपनीचं इंजिन दुसरीच्या यंत्रावर चालतं.

ऐकून मीही भुललो होतो. एक जुनं इंजिन आणलं, त्यात डीकोडर बसवला. जुन्या इंजिनात मोटारीला करंट पोचवणारा एक ब्रश थेट सांगाड्याला टेकलेला असतो, तो आधी वेगळा करावा लागतो. मी घाईत तो तपासलाच नाही. रुळावर ठेवलं अन् धूर! पस्तीस युरो गेले. तू असतास तर आधी मल्टिमीटर लावला असतास, आणि मग दिवसभर मला हसला असतास.

आता मुद्द्याचं. डिजिटलची खरी मजा एका रुळावर पाच गाड्या आपापल्या चालीने हाकण्यात. आपल्या चिकूला हवी आहे शकुंतला, आपली यवतमाळ-मूर्तिजापूरची अरुंद रुळाची गाडी. दारव्ह्याला मामाकडे जाताना आपण कधी दुसरी गाडी समोरून आलेली पाहिली का? 1921 सालचं ते मँचेस्टरचं इंजिन 1994 ला डिझेल येईपर्यंत राबलं. फाटकाशी गाडी थांबवायची, खाली उतरून फाटक लावायचं, गाडी पुढे काढून पुन्हा उघडायचं, सगळं गाडीवरच्याच माणसांनी. असल्या गाडीला नंबर देऊन पुकारायचं कुणाला?

शिवाय आपलं घर. करंट रुळातून चाकात, चाकातून मोटारीत. मध्ये धूळ आली की दोन्ही पद्धती अडखळतात. पण साधी गाडी बोटाने ढकलली की पुढे जाते. चिपचा करंट क्षणभर तुटला तर ती दचकते, आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि माजघरात कापसाची गंजी असताना रुई आसात गुंडाळणार नाही, असं होईल का? मोटार अडकली तर तू चिमट्याने रुई काढशील, ब्रश बदलशील. चिप जळली तर यवतमाळात कुणाकडे नेशील?

तर साधीच घेतो. फक्त इंजिन असं बघतो की आत डीकोडरचं सॉकेट तयार असेल. पुढे चिकूने हट्ट धरलाच तर चिप तेवढी खोचायची. माप एकाला सत्याऐंशी, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्याऐंशीपट लहान. इथे अरुंद गाड्यांसाठी नऊ मिलिमीटरचा रूळ मिळतो, आणि शकुंतलेचे 762 मिलिमीटर त्या मापात पावणेनऊ भरतात. जमलं! यवतमाळ ते मूर्तिजापूर मात्र जमणार नाही. 113 किलोमीटरचे त्या मापात तेराशे मीटर होतात, म्हणजे आपल्या दारापासून पार नाल्यापलीकडे. आपण दारव्हा अन् पुढचं एक फाटक एवढंच करू.

संक्रांतीला येतो. तोवर आठ बाय चारचं प्लायवूड घेऊन ठेव. उधळी लागणार नाही असं उभं ठेव, अन् वहिनीला त्यावर मिरच्या वाळवू देऊ नकोस. फळीखाली फिरवायला तुझ्या दुकानातली जाडी तार लागेल, दोन रंगांची, दहा-दहा मीटर. दारव्हा स्टेशनाचा एखादा जुना फोटो मामाकडे असेल तर मागून घे. पाण्याची टाकी डाव्या हाताला होती की उजव्या, यावर मी शपथ घेऊ शकत नाही.

आईचे गुडघे कसे आहेत ते कळव. यंदा पहिल्या वेच्याला कापूस किती निघाला तेही.

तुझा,
बंडू