रंग द्यायला नाही म्हणालात, त्याबद्दल

भाऊ, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका असं तुम्हीच बजावलंय, म्हणून नुसतं भाऊ. पुरानंतरच्या त्या सप्टेंबरात चाळीसगावात ज्यांच्या घरी तुम्ही ओल आणि बुरशी काढायला राबलात, त्यांना पहिल्या चार ओळींतच कळेल हे पत्र कोणाला आहे. ज्यांना कळणार नाही, त्यांच्यासाठीच ते असं उघड लिहिते आहे.

३१ ऑगस्ट २०२१. पाटणादेवीकडच्या डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला, कन्नड घाटात दरडी आल्या, आणि तितूर-डोंगरी दोन्ही नद्या गावात शिरल्या. पोळा आठवड्यावर आला होता. ज्यांची दावणीची गुरं वाहून गेली त्यांच्यापुढे आमचं नुकसान सांगण्याजोगंही नाही, म्हणून त्या रात्रीचं काही लिहीत नाही. मला लिहायचंय ते पाणी ओसरल्यानंतरचं. पाणी गेलं, पण ओल गेली नाही.

आपल्या खानदेशात ओलीला कोण घाबरतंय? मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणारी माणसं आपण, ओल म्हणजे कोकणातली भानगड. "दोन दिवस ऊन पडू द्या, सगळं खडखडीत होईल," असं येणारा-जाणारा सांगून जायचा. ऊन काही पडेना. आभाळ भरलेलंच. कपाट पुढे ओढलं तर मागच्या भिंतीवर काळे ठिपके, आणि घरभर तो कुबट वास. त्यात ते वर्ष कसलं होतं आठवा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरनं लोकांचे डोळे, जबडे गेलेले, काळी बुरशी म्हटलं की पोटात गोळा यायचा. आमच्या सासूबाईंना साखर आणि दमा दोन्ही. त्यांनी ठिपके पाहिले आणि जेवणच सोडलं.

चिपळूणच्या जुलैतल्या पुराची कामं उरकून तुम्ही नुकतेच परतला होतात. आल्या आल्या भिंतीकडे बघायच्या आधी सासूबाईंजवळ बसलात. "माय, तो आजार येगळा शे. पन ह्या खोलीमा तू झोपू नको." एवढंच. शेजारच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, पण ते त्यांना पटलं तुमच्या तोंडून. त्या रात्री त्या भाकरी खाऊन नणंदेकडे झोपायला गेल्या.

तुमच्या आधी एक ठेकेदार येऊन गेला होता. उंबऱ्यातूनच नजर फिरवली आणि म्हणाला, पुट्टी मारू, वरून बुरशी न धरणारा रंग देऊ, दिवाळीच्या आत घर नवं. घरात सगळे खूश. तुम्ही मात्र खिशातून भिंतीतली ओल मोजणारं ते दोन टाचण्यांचं यंत्र काढलंत आणि भिंतीला जागोजागी टोचत सुटलात. खाली, वर, कोपऱ्यात, दाराच्या चौकटीत. मग नखानं पुट्टीचा एक पोपडा उचलून आमच्या ह्यांच्या तळहातावर ठेवलात. वरून पांढराशुभ्र, मागून काळा. "भित आजून वली शे," म्हणालात, "रंग दिला तर रंग गळंल आन् ही मधमा वाढंल."

रंगाचं काम तुम्हालाच मिळत होतं, पैसेही आम्ही द्यायला तयार होतो. तुम्ही नाही म्हणालात. हे पत्र मुख्यतः त्या नाहीसाठी आहे.

बाकीचं काम मात्र बघत राहावं असं होतं. पंचनामा होईपर्यंत काही फेकू दिलं नाहीत, प्रत्येक खोलीचे फोटो काढायला लावलेत, पाणी कुठवर चढलं ती रेघसुद्धा. मेन स्विच आधीच बंद होता, तरी वायरमनला बोलावून बोर्ड तपासल्याशिवाय एकही बटण दाबू दिलं नाहीत. मग गाळ. आपली काळी माती वाळली की दगड होते, म्हणून ती ओली असतानाच फावड्यानं ओढली. मास्क घराघरांत पडलेलेच होते, पण तुमच्या पोरांनी गमबूट, हातमोजे आणि चष्मे लावल्याशिवाय आत पाऊल टाकलं नाही. मी पंखा लावायला गेले तर ओरडलात. बुरशी पुसायच्या आधी पंखा लावला तर तिची पूड घरभर उडते, हे मला तेव्हा कळलं.

शेजारच्या पोरानं त्याच दुपारी संडासात ब्लीचिंग पावडर टाकली आणि वरून फरशी धुवायचं ॲसिड ओतायला निघाला. तुम्ही पळत जाऊन बाटली काढून घेतलीत. त्या दोन्हींचा विषारी वायू होतो, बंद जागेत माणूस गुदमरतो. त्याच्या आईला हे अजून माहीत नाही, आज कळेल.

आता जे टाकायला लावलंत त्याबद्दल. गाद्या गेल्या, प्लायवूडचं कपाट गेलं, लाकडी पोळपाट-लाटणं गेलं. कोठीतली दादर ज्वारी भिजून फुगली होती, तीही गेली. तुमचा हिशेब सरळ होता: ज्यात पाणी मुरलं ते ठेवायचं नाही, ज्याच्या फक्त अंगावरून गेलं ते घासून ठेवायचं. स्टीलचे डबे, लोखंडी कपाट, सागवानी दार राहिलं. गोधड्या कढत पाण्यातून काढून राहिल्या. उन्हाळ्यात घातलेल्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, डब्यापाशी माझा जीव अडकला होता. झाकण घट्ट होतं, पण आत थोडं पाणी गेलेलं. "ताई, नदीचं नाही, गटाराचं पाणी होतं ते," म्हणालात, आणि मी तोंड फिरवून डबा उलटा केला. पुरणपोळ्या भाजायच्या मातीच्या खापरावरून सासूबाई तुमच्याशी भांडल्या. हे तर चुलीवरच चढतं, त्याला कसली बाधा? मातीची वस्तू सगळं पिते, म्हणून तुम्ही अडून बसलात आणि नवीन खापर आणून देतो म्हणालात. ते अजून यायचंय, एवढं जाता जाता.

पण कागदांचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घराचं खरेदीखत, मुलीच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सासऱ्यांची पेन्शनची फाइल, सगळ्याचा ओला लगदा होऊन एकमेकांना चिकटलेला. मी ते गच्चीत पसरायला निघाले होते, पसरणार तरी कशात, वरून रिपरिप चालूच. तुम्ही गठ्ठा तसाच, न उलगडता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलात आणि विचारलंत, ओळखीत कोणाकडे आइस्क्रीमचा फ्रीझर आहे का? आम्हाला वाटलं थट्टा करताय. उंचावरच्या भागात ह्यांच्या मित्राची डेअरी आहे, तिथे वीज आली होती. आमचं खरेदीखत कुल्फीशेजारी जाऊन बसलं. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, तेवढी उसंत मिळते. घर जरा मार्गी लागल्यावर एकेक गठ्ठा बाहेर काढला, सुटेल तसं पान सोडवलं, मध्ये कोरा कागद घातला आणि सावलीत वाळवलं. शाई थोडी फुटली आहे, पण शिक्का आणि सही वाचता येते. बँकेत ते खरेदीखत चाललं.

पुढच्या खोल्यांचा गिलावा तुम्ही पाण्याच्या रेघेच्याही वर फूटभर खरवडलात, कारण पाणी भिंतीतून वर चढतं. मागच्या मातीच्या खोलीला मात्र छिन्नी लावली नाहीत. तिथे सिमेंट थापायचं आमच्या मनात होतं. मातीच्या भिंतीचा श्वास कोंडेल, ओल आतच राहील, म्हणून तुम्ही तिला तिच्या चालीनं वाळू दिलंत आणि नंतर मातीचाच लेप द्यायला लावलात. ते हवेतलं पाणी ओढणारं यंत्र आठवतं? पावसाच्या दिवशी खिडक्या बंद करून ते चालवायचं, उघडीप झाली की बंद करून खिडक्या सताड उघडायच्या. ओल घालवायला खिडक्या लावतात, यावर गल्लीत बरीच करमणूक झाली. सकाळी त्याची टाकी बादलीत रिकामी केली की हसणारे गप्प व्हायचे.

जाऊबाईंच्या मुलानं पुण्याहून फोन करून बुरशीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं होतं. डोळ्यांना दिसतेय तर तपासायचं काय, जात कोणतीही असो, घासायची तीच आणि पाण्याची वाट बंद करायची तीच, असं म्हणून तुम्ही तोही खर्च वाचवलात. तुमचं बिल काही स्वस्त नव्हतं, हेही लिहून ठेवते, नाहीतर लोकांना वाटेल फुकटात झालं. पण काय करणार, काय करणार नाही, काय टाकावं लागेल, सगळं आधी कागदावर होतं. आणि शेवटचा हप्ता तुम्ही भिंतीला पुन्हा टाचण्या टोचून, आकडा आमच्या ह्यांना दाखवून मगच घेतलात.

त्या दिवाळीला आमच्या बैठकीच्या भिंती उघड्या विटांच्या होत्या. पाहुण्यांनी नाकं मुरडली, लक्ष्मीपूजनाच्या फोटोत मागे विटाच दिसतात. रंग लागला उन्हाळ्यात. त्यानंतरचे सगळे पावसाळे त्या भिंतीनं कोरडे काढले. ठेकेदाराकडून तेव्हाच पुट्टी-रंग करून घेतलेली घरं आमच्याच गल्लीत आहेत, त्यांची नावं घेत नाही, पण त्यांचा पेंटर दर दसऱ्याला येतो.

तुमच्याबरोबरच्या दोघा पोरांनाही आमचे आभार सांगा. त्यांनी आमच्या घरातली घाण काढली आणि चहा बाहेरच्या ओट्यावर बसून घेतला. आत या म्हटलं तरी, बूट खराब आहेत म्हणून आले नाहीत.

आणि एक काम आहे. भुसावळला माझ्या धाकट्या बहिणीच्या घराचा स्लॅब गळतोय, छताला काळं धरलंय. तिच्याकडे पेंटर येऊन मापं घेऊन गेलाय. तो डबे उघडायच्या आत तुमची ती टाचण्यांची डबी घेऊन एकदा जाऊन या. पत्ता फोनवर सांगते.

तुमची,
तितूरकाठची ताई
चाळीसगाव