मंत्रीसाहेब, वायर तुटली तर ट्रॅक्टर काय करणार, एवढं विचारा

मा. कृषिमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, सप्रेम नमस्कार.

मी मोहोळ तालुक्यात ट्रॅक्टरचं वायरिंग करतो, पंधरा-सोळा वर्षं झाली. आधी काम म्हणजे डायनामो, सेल्फ, हेडलाइट, संपलं. आता मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टला सेन्सर, अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला, म्हणजे पीटीओला बटण, 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना 2023 पासून प्रदूषणाचे नवे नियम लागले तेव्हापासून इंजिनलापण कंप्युटर, आणि ऊसतोडणी मशीन तर जॉयस्टिकवरच चालतंय. तक्रार नाही, माझं पोट त्याच्यावरच आहे.

पण मागच्या पावसाळ्यानंतर एक ट्रॅक्टर आला. मागं पोरगं रोटरची पिन घालत होतं, इंजिन चालू केल्याबरोबर लिफ्ट आपोआप वर. पोरगं बाजूला पडलं म्हणून वाचलं, एका बोटाचं नख गेलं. मी लिफ्टच्या सेन्सरचं सॉकेट उघडलं तर आत सगळं हिरवं चढलेलं, प्रेशरनं धुताना पाणी गेलेलं. सिग्नल शून्य झाला, कंट्रोलरला वाटलं लिफ्ट खालीच आहे, म्हणून तो उचलत बसला.

हे टाळता येतं हो. 5 व्होल्टच्या सेन्सरचा सिग्नल मुद्दाम अर्धा ते साडेचार व्होल्टमध्येच ठेवतात, मग शून्य आलं की वायर गेली हे कंट्रोलरला कळतं आणि लिफ्ट आहे तिथं थांबते. जिथं जिवाला धोका जास्त तिथं दोन सेन्सर, दोघांचं जुळलं नाही तर काम बंद. आता बंद करणंसुद्धा सगळीकडं चालत नाही, पीटीओ थांबला तर बरंच, पण उसाच्या दोन ट्रॉल्या लावून भर रस्त्यात स्टिअरिंग गेलं तर?

हाच हिशोब घालणारं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ 25119, 2010 ला आलं, 2018 ला सुधारलं. इजा किती मोठी होईल, माणूस त्या जागी किती वेळ असतो आणि त्याला वेळेत सावरता येईल का, हे तीन बघून त्या कंट्रोलला सुरक्षेची ए ते ई अशी पातळी ठरते, ई सगळ्यात कडक. पिन घालणारं पोरगं रोज तिथंच उभं असतं साहेब, आणि सावरायला त्याच्या हातात काहीच नसतं.

अनुदानाला टेस्ट रिपोर्ट लागतो. मध्य प्रदेशात बुधनीला ट्रॅक्टर तपासायचं सरकारी केंद्र आहे, तिथले रिपोर्ट मी वाचलेत, पीटीओची ताकद, लिफ्ट किती किलो उचलते, ब्रेक, आवाज, सगळं असतं. सेन्सरची वायर तुटल्यावर मशीन काय करतं हे मला त्यात कुठं दिसलं नाही. तुम्ही एवढंच करा, अनुदानातल्या मशीनला कंपनीकडून एक मराठी पान मागा: लिफ्ट, पीटीओ, स्टिअरिंग, प्रत्येकाची पातळी कुठली, आणि वायर तुटली तर थांबणार, उचलणार का चालूच राहणार. दिल्लीची वाट बघायला नको, अट तुमच्या हातात आहे.

एक माझंपण सांगतो. सीटखालचा सेफ्टी स्विच मी स्वतः कितीतरी जणांना काढून वायर डायरेक्ट जोडून दिलीय. ड्रायव्हर मागं बघायला जरा उठला की पीटीओ बंद, दिवसात वीस वेळा, मग तो वैतागून येणारच. त्या पोराचं झाल्यापासून बंद केलं, गिऱ्हाईक शिव्या घालून दुसऱ्या दुकानात जातंय. मोहोळला आलात तर दाखवतो, काढलेल्या स्विचांचा डबा अजून शटरमागंच आहे.

आपला,
मोहोळचा एक वायरमन