खटल्याविना तुरुंगवास थांबवा

पुण्यातील एल्गार परिषद आणि माओवाद्यांशी कथित संबंध यांवरून झालेल्या प्रकरणात कार्यकर्ते रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना ६ जून २०१८ रोजी अटक झाली. उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला तो जानेवारी २०२५मध्ये. तोवर आरोपनिश्चितीही झाली नव्हती आणि साक्षीदार तीनशेहून अधिक! त्याच दिवशी पकडलेले नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग मात्र तेव्हाही आतच राहिले. दलित-आदिवासींचे खटले लढवणारा हा माणूस. त्यांच्यावर गडचिरोलीतील सूरजागड खाणीच्या वाहनांच्या जाळपोळीचाही आरोप आहे. तो सिद्ध करायला सरकारला कोणी अडवले आहे?

याच प्रकरणात अटक झालेल्या फादर स्टॅन स्वामी यांचे काय झाले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कंपवातामुळे हातात पेला धरवत नव्हता, तरी साध्या स्ट्रॉसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, ८४व्या वर्षी, जामिनाची वाट पाहतच ते गेले.

खटला लांबला तर, या सर्वांवर लावलेल्या यूएपीए या कडक दहशतवादविरोधी कायद्याखालीही जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्येच नजीब प्रकरणात म्हटले आहे. गडलिंग यांच्यासारख्या प्रत्येक कच्च्या कैद्याला हाच न्याय लावून सोडा. वकील संघटना आणि आमदार-खासदारांनी ही मागणी उघडपणे करावी.

— एक वाचक, नागपूर