कांडणारी बाई कुठे गेली?

महोदय,

जावाच्या लोककथांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. भाताची देवी मानलेल्या देवी श्रीच्या देहातून भात उगवले, दक्षिण समुद्रावर राणीची सत्ता चालते, म्हणजे जावानी समाजाने स्त्री आणि निसर्ग दोघांनाही पूज्य मानले, हा त्यातला निष्कर्ष काही पटला नाही. भात उगवण्याआधी देवी श्रीला मरावे लागते, हे लेखकाने सांगायला हवे होते.

नावांग वुलानची कथा लेखात ओझरती येते. खरे तर तिथेच थांबायला हवे होते. तळ्यात आंघोळीला उतरलेल्या या अप्सरेची ओढणी जाका तारूब चोरतो. ओढणीशिवाय उडता येईना म्हणून ती त्याच्याशी संसार मांडते. भाताची एकच लोंबी शिजत घालून घर जेवू घालते. अट एवढीच की नवऱ्याने झाकण उघडायचे नाही. तो उघडतोच! जादू मोडते, मग चारचौघींसारख्या तिलाही साळी कांडाव्या लागतात, कणगी उतरू लागते आणि तळाशी दडवलेली ओढणी तिला सापडते. ती निघून जाते. बाईचे आणि जमिनीचे देणे फुकट धरायचे, कष्ट झाकणाखाली ठेवायचे, यावरच तर इकोफेमिनिझमचा, म्हणजे बाईचे आणि निसर्गाचे शोषण एकमेकांत गुंतलेले आहे असे मानणाऱ्या विचाराचा, आक्षेप आहे. ही कथा तो किती सहज मांडते!

दुसऱ्या कथेतली राजकन्या रोरो जोंग्ग्रांग, तिच्याशी लग्न करण्यासाठी तिच्याच अटीप्रमाणे एका रात्रीत हजार देवळे उभारू पाहणाऱ्या बांडुंग बोंदोवोसोला अडवते, तीही कांडणानेच. गावच्या बायका अंधारातच मुसळ हाणू लागतात, पहाट झाली समजून कोंबडे आरवतात, त्याने कामाला लावलेली भुते पळतात. शिक्षा म्हणून तिचा दगड होतो. जावातल्या प्रंबाननच्या शिवमंदिरातली महिषासुरमर्दिनी म्हणजे तीच, असे तिथे सांगतात. तिथे जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी गाइडला ही कथा जरूर विचारावी.

आणि आजच्या जावाचे काय? रेम्बांगजवळच्या केंडेंग डोंगररांगेत सिमेंट कारखान्यासाठी चुनखडी खोदली तर झरे आटतील, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये नऊ शेतकरी बायकांनी जकार्तात राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर स्वतःचे पाय सिमेंटमध्ये रोवून घेतले. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला, तरी पुढच्या वर्षी कारखान्याला नवा परवाना मिळाला. मार्च २०१७ मध्ये पुन्हा पाय सिमेंटमध्ये गेले. त्या आंदोलनातली एक शेतकरी बाई हृदयविकाराने दगावली. धरणीमातेने दिले, तिलाच दुखावले, आता तीच न्याय करील, अशा आशयाचे गाणे या बायका गातात. पुरवणीत या विषयावर आणखी काही येणार असेल, तर त्यांच्याविषयी सविस्तर वाचायला आवडेल.

– एक वाचक, सांगली